उष्टा पेग

साताऱ्यात कॉकटेल कोण पितं, असं मला इथं आल्यावर सगळ्यांनी विचारलं, आणि प्रश्न काही चुकीचा नव्हता. पोवई नाक्यापासून जरा आत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर राजवर्धननं बार काढला तेव्हा त्याच्या डोक्यात गोवा होता आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यात क्वार्टर, थंड पाणी आणि खारे शेंगदाणे. त्यात काउंटरमागे बाई. सुरुवातीला लोक मला ऑर्डरच देईनात. आमच्या वेटरला, तानाजीला, बोलावून त्याच्या कानात सांगायचे, जसं काही माझ्यापासून लपवून प्यायचंय. तानाजी पण वस्ताद. तो मोठ्यानं म्हणायचा, मॅडमला सांगा की, त्याच बनवणार हायत. मग एकेक जण मान खाली घालून काउंटरशी यायला लागला. पुढं सवय झाली सगळ्यांना.

मी क्रांती, मूळची इस्लामपूरची. वडील साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते, त्यामुळे दारू हा आमच्या घरात लाजेचा विषय कधीच नव्हता, मोजमापाचा होता. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं, बरीच वर्षं गोव्यात काढली, वडील गेल्यावर आईसाठी इकडं आले. आई आणि मी गोडोलीत भाड्यानं राहतो. हे सांगायचं कारण एवढंच की अंगारे-धुपारे, उतारा-लिंबू यातली मी नव्हे. मला मोजमाप कळतं, आणि माझी जीभ मला कळते. माझ्या धंद्यात जीभच बघतात. बंगळूरच्या एका मोठ्या हॉटेलनं मला दिवाळीनंतर चाचणीला बोलावलं होतं. डोळे बांधून चवी ओळखायच्या, मग परीक्षकांना स्वतःचं एक कॉकटेल बनवून द्यायचं. तिथं निवड झाली की शेंगदाण्याच्या बशा भरण्यातून माझी कायमची सुटका. त्या चाचणीसाठी मी वर्षभर तिखट सोडलं होतं. साताऱ्यात राहून तिखट सोडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल.

चाचणीतलं कॉकटेल ठरलेलं होतं, आणि ते माझ्या डोक्यात घातलं सुभेदार नाथाजींनी. त्यांचं गाव वडूजच्या पुढं. बायको गावात, आणि हे साताऱ्यात मुलाकडे. मुलगा अमृत, त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. दिवेलागणीला सुभेदार यायचे, खिडकीजवळ पाठ ताठ ठेवून बसायचे आणि एकच पेग घ्यायचे. हिमाचलात पोस्टिंग असताना कुणा डॉक्टर कॅप्टननं त्यांना व्हिस्कीत सफरचंदाची ब्रँडी मिसळून पाजली होती. ती चव त्यांना मरायच्या आधी परत हवी होती. राजवर्धनच्या ते असे हात धुऊन मागे लागले की त्यानं खटपट करून हिमाचलच्या ब्रँडीचं एक खोकं मागवलं. ते खोकं आणि सुभेदार, दोन्ही माझ्या गळ्यात पडले.

दिसायला सोपं काम आहे. दोन भाग व्हिस्की, एक भाग सफरचंदाची ब्रँडी, चमचाभर गोड, आणि बिटर्स म्हणजे सालीमुळ्यांचा कडू अर्क, त्याचे मोजके थेंब. बर्फावर ढवळायचं आणि गाळून द्यायचं. पण व्हिस्की जरा पुढं गेली की ब्रँडी दबून जाते, सफरचंद नाकाला कळतं आणि जिभेला कळत नाही. गोड वाढलं की काकवी पितोय असं वाटतं. कडू कमी पडलं तर सरबत, जास्त पडलं तर काढा. साखरेऐवजी मी गुळाचा पाक घालायला लागले तेव्हा कुठं दोन्ही दारूंचं एकमेकींशी जमलं. ढवळणंसुद्धा बेतानं, कारण बर्फाचं पाणी किती सुटू द्यायचं यावर सगळा खेळ. आणि शेवटी, ग्लास गिऱ्हाइकापुढं ठेवायच्या आधी, त्यात स्ट्रॉ बुडवायची, वरचं तोंड बोटानं दाबायचं, थेंबभर उचलून जिभेवर सोडायचं आणि स्ट्रॉ फेकून द्यायची. कुठलाही चांगला बारटेंडर हे केल्याशिवाय ग्लास पुढं करत नाही.

सुभेदार ती स्ट्रॉ बघायचे. कपाळाला आठी घालून बघायचे. मग घोट घेऊन, जरा वेळ तोंडात धरून म्हणायचे, "जमलंय. पन थोडं ऱ्हायलंय."

काय राहिलंय विचारलं तर म्हणायचे, ते तुमी बगा. वर्षभर मी बघत होते. व्हिस्की बदलली, गूळ बदलला, संत्र्याची साल घातली, काढली, बर्फाचे खडे मोठे केले. म्हातारा डोक्यात जायचा माझ्या. ग्लास चाटूनपुसून संपवायचा आणि जाताना तेच वाक्य. गोव्यात माझ्या हातचं पिऊन लोकांनी टाळ्या वाजवल्यात, आणि इथं खटाव तालुक्यातला एक पेन्शनर मला रोज नापास करत होता. आणखी एक खोड होती त्यांची. त्यांच्या बशीत आधी कुणी हात घातला तर ती बशी ते परत धाडायचे. पहिला घास त्यांचा पाहिजे. लष्करी हट्ट, म्हटलं, आणि सोडून दिलं.

भाद्रपदात सुभेदार गेले. झोपेत गेले, कसला त्रास झाला नाही, असं तानाजी म्हणाला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगू, त्याहून जास्त राग आला. काय राहिलंय ते न सांगताच गेला की माणूस.

दहाव्याच्या दिवशी सकाळी मी माल लावून घ्यायला बारवर गेले तर जिन्यात अमृत उभा. ताजं मुंडण, खांद्यावर ओला पंचा, डोळे सुजलेले. म्हणाला, संगम माहुलीला सगळे खोळंबलेत, कावळा शिवत नाहीये. भात, वडे, विडी, सगळं ठेवलं, क्वार्टरसुद्धा ठेवून झाली. भावकीतल्या एकेकानं हात जोडून शब्द दिले. कावळे येतात, झाडावर बसतात, खाली उतरत नाहीत. शेवटी आईच म्हणाली की त्यांचा तो पेग आण, आणि ती पोरगीच घेऊन ये, तिच्याच हातचा लागतो त्यांना.

मी कपाळावर हात मारला. पण तो रडवेला झाला होता, आणि नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. दोन्ही बाटल्या, पाक, बिटर्स, बर्फाचा डबा असं सगळं पिशवीत भरलं आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले.

माहुलीला कृष्णा आणि वेण्णा दोन्ही गढूळ, भरून वाहत होत्या. घाटाच्या पायऱ्यांवर माणसं दाटीनं उभी होती. ऊन चढलं होतं आणि पानावरचा भात सुकायला लागला होता. वर पिंपळावर पुष्कळ कावळे होते. एकही ओरडत नव्हता. बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत पुढं राहीबाई, सुभेदारांची बायको. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. गालफडं बसलेली, मनगटं काडीसारखी, वर्षानुवर्षं पोटभर जेवली नसावी अशी बाई. रडत नव्हत्या. माझ्या हातांकडं बघत होत्या.

पायरीवर सामान मांडून मी कामाला लागले. लोक बघत असले की माझे हात जास्तच नीट चालतात. मोजलं, ढवळलं, गाळलं. आणि रोजच्या सवयीनं स्ट्रॉ बुडवून थेंब जिभेवर टेकवला.

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नैवेद्य कुणी आधी चाखत नाही. आमच्या घरीसुद्धा नैवेद्याचं ताट बाजूला निघेपर्यंत आई आमटीचं मीठ बघत नाही. पण मी काही मुद्दाम केलं नव्हतं, माझं काम केलं होतं. मी म्हटलं, थेंबच घेतलाय, स्ट्रॉ परत बुडवलेली नाही, आणि नको असेल तर दुसरा बनवते, सामान आहे.

"ऱ्हाऊ दे," राहीबाई म्हणाल्या. "त्योच ठेव."

मी ग्लास पानाशेजारी ठेवला आणि मागं सरले तोच कावळा उतरला. भाताकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. ग्लासाच्या काठावर बसला, चोच बुडवली, मान वर करून गिळलं आणि उडून गेला. लोकांनी हुश्श केलं. अमृत तर माझ्या पाया पडायला लागला, त्याला मी दंडाला धरून उठवलं. माझ्या तोंडात अजून तो थेंब होता. सफरचंद, गूळ, व्हिस्कीची ऊब आणि मागून हळूच येणारा कडवटपणा, सगळं जिथल्या तिथं होतं. ती मी घेतलेली शेवटची धड चव.

संध्याकाळी लिंबू पिळताना बोट चाटलं तर आंबट लागेना. लिंबू शिळं असेल म्हणून दुसरं कापलं. मग मीठ घेतलं, मग साखर. साखर जिभेवर विरघळली, तिचं विरघळणं कळलं, पण गोड काही आलं नाही. शेवटी बिटर्सचा थेंब घेतला. तो मात्र झणकन लागला. कडू तेवढं जागेवर होतं.

सर्दी नव्हती, ताप नव्हता, वास सगळे येत होते. कोरोनाची चाचणी केली, तीही निगेटिव्ह. आठवडाभर वाट पाहून मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वेगवेगळे थेंब जिभेवर सोडून बघितले, कडू सोडून मला एकही ओळखता आला नाही. नळी घालून बघितलं, आणि जीभ दिसायला तरी ठणठणीत आहे म्हणाले. ताण असेल. जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. परतीच्या एसटीत मी भडंगाची पुडी उघडली आणि कडूजहर म्हणून खिडकीबाहेर टाकली. बंगळूरची चाचणी जवळ येत होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तरी म्हटलं, हातांना सगळं पाठ आहे, मोजमापावर निभावून नेऊ. तेही जमेना. गिऱ्हाइकं ग्लास परत पाठवायला लागली. एक म्हणायचा मस्त झालंय, शेजारचा तेच पिऊन तोंड वाकडं करायचा. राजवर्धननं एक ग्लास उचलून घोट घेतला आणि मला बाजूला घेऊन विचारलं की घरी काही कटकट आहे का. चार दिवस मी नुसती बघत राहिले, आणि मग मला त्यातली संगती लागली. परत येणारे ग्लास तेवढेच होते, ज्यांत मी सवयीनं स्ट्रॉ बुडवली होती.

वडिलांनी मला एक शिकवलं होतं. शंका आली की प्रयोग करायचा. दुपारी बार रिकामा असताना मी एका भांड्यात तोच पेग बनवला, दोन ग्लासांत सारखा ओतला, आणि एकातून थेंब उचलून जिभेला लावला. तानाजीला भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं. त्यानं पहिल्या ग्लासाला मान डोलावली. दुसऱ्याचा घोट घेतला आणि थांबला.

"मॅडम, ह्यात काय घातलंच न्हाई तुमी. नुस्तं कडू पानी हाय."

मी साखरेचं पाणी केलं. तेच झालं. ताक केलं. तेच. मग एक केळं मधोमध कापलं आणि एका अर्ध्याचा टोकाचा कण खाल्ला. तानाजीनं तो अर्धा चावला आणि हातावर थुंकला. कुठल्या अर्ध्याला मी तोंड लावलं होतं हे त्याला माहीत नव्हतं. पुन्हा ग्लास, पुन्हा ताक, अदलाबदल करून, क्रम फिरवून. एकदाही चुकलं नाही. मला नीट आठवतं, निकाल इतका स्वच्छ आल्याचं एक समाधानच वाटलं होतं. भीती नंतर वाटली, तानाजी हात धुऊन निघून गेला तेव्हा. त्या दिवसापासून त्यानं माझ्या हातचा चहा घेतला नाही.

घरी आईला गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडं होता. मी डाळीचं मीठ बघितलं होतं. आईनं दोन घास खाल्ले, ताट सारलं आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी खुर्ची ओट्याशी ओढून ती स्वतः स्वयंपाकाला बसली. आईला माझी भीती वाटावी, याहून वाईट काय असतं ते मला माहीत नाही.

मग मी राहीबाईंकडं गेले. काय समजून गेले ते सांगायला आता लाज वाटते. न चाखता नवा पेग बनवायचा, सुभेदारांच्या फोटोपुढं ठेवायचा, झालेलं निस्तरायचं. म्हणजे उतारा-लिंबूच की. पण पंधरवड्यावर चाचणी होती आणि दुसरं काही सुचत नव्हतं. वडूजपर्यंत एसटी, पुढं वडापची, सीटं भरली की सुटणारी जीप. दोन्ही बाजूंना काढलेल्या बाजरीची रिकामी रानं. गावाच्या कडेला स्लॅबचं नेटकं घर, अंगण सारवलेलं, आणि पायरीवर उन्हात राहीबाई बसलेल्या.

मी त्यांना ओळखलंच नाही. महिन्या-दीड महिन्यात बाई भरली होती. गाल वर आले होते, कातडीला तजेला होता. मांडीवर साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा होता आणि त्या एकेक पेढा सावकाश, डोळे मिटून खात होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "कवा येशील त्येच बगत व्हते."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि जीभ गेल्याचं सांगितलं. ग्लासांचं, केळ्याचं सांगितलं. त्यांनी मध्ये एक प्रश्न विचारला नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "कडू तेवढं ऱ्हातं. व्हय का न्हाई?"

हे मी सांगितलं नव्हतं.

मग त्या बोलायला लागल्या, पेढे खात खात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. लग्नाच्या सालात सुभेदार रजेवर आले होते. त्यांचं ताट वाढायच्या आधी राहीबाईंनी आमटीचं मीठ बघितलं, एवढंच. त्या दिवसापासून तोंडाची चव गेली. सुभेदारांचं जेवण झालं की त्यांच्या उष्ट्या ताटात जेवल्या तर तेवढं चवीचं लागायचं, बाकी सगळं जहर. रजा संपवून ते गेले की वर्ष-वर्ष कशीबशी भाकरी गिळायची. अमृतच्या बारशाचा पेढासुद्धा कडू लागला. सुभेदारांना हे ठाऊक होतं का, असं मी विचारलं. ठाऊक होतं, म्हणाल्या. पेन्शन झाल्यावर तरी बरे दिवस येतील असं वाटलं होतं, तर ते साताऱ्याला मुलाकडं जाऊन राहिले. दसरा-दिवाळीला यायचे, तेव्हा ही बाई जेवायची.

"मग मी तर वर्षभर त्यांच्या आधी चाखत होते," मी म्हटलं. "तेव्हा मला का नाही झालं?"

"तवा त्या जागी मी व्हते."

पुडीतला चुरा त्यांनी तळहातावर घेतला आणि तोंडात टाकला.

"त्ये फोनवर सांगायचे," त्या म्हणाल्या. "पोरगी रोज माज्या आदी चाखती. म्हनून तर अमृतला म्या तुज्याकडं धाडलं."

मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. मी म्हटलं, तुम्ही मला फसवलंत, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, तुमच्यासाठी काम टाकून घाटावर आले होते मी. आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "फसीवलं." आणि मग, अगदी हळू, "प्येडा गोड लागतो गं. कसा लागतो त्येच इसरले व्हते मी."

त्या उठल्या, मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. भिंतीवर सुभेदारांचा गणवेशातला फोटो होता. त्याच्यापुढं पाट मांडला. जुनं, जड स्टीलचं ताट काढलं, त्यात बाजरीची गरम भाकरी, पिठलं, कांदा वाढला. मला म्हणाल्या, तुझं काय ते बनव. मी पिशवी उघडली. स्ट्रॉ घरीच ठेवून आले होते. अंदाजानं, हातांच्या भरवशावर पेग बनवला आणि ग्लास ताटात ठेवला.

मी हात पुढं केला तर त्यांनी मनगट धरलं.

"थांब. त्येंचं होऊ दे."

आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो.

पिठल्यातून वाफ येत होती. वाफ थेट माझ्या चेहऱ्यावर येत होती, आणि तिला वास नव्हता.

लसणाची फोडणी माझ्या डोळ्यांदेखत दिली होती. ग्लासात ब्रँडी होती. कशालाच वास नव्हता.

घरात आवाज नव्हता. राहीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, घरातला मोठा माणूस जेवायला बसल्यावर बायका करतात तसा.

मग वास आला. एकदम, पूर्ण आला. लसूण, बाजरी, सफरचंद.

"झालं त्येंचं," राहीबाई म्हणाल्या. "घे आता."

मी खाल्लं. काय सांगू, मी दोन्ही हातांनी खाल्लं. तिखट, खारट, पिठल्याच्या खालची करपलेली खरवड, सगळं लागलं. मी खात होते आणि रडत होते आणि मला स्वतःची शिसारी येत होती. शेवटी ग्लास उचलला. वर्षभर ज्याच्यामागं लागले होते तो पेग तो होता. त्यात काही राहिलं नव्हतं.

राहीबाईंनी ताट घासलं, फडक्यानं कोरडं केलं आणि माझ्या पिशवीत घातलं. काठावर सुभेदारांचं नाव कोरलेलं होतं. मला ते काढून त्यांच्या अंगणात फेकून देता आलं असतं. मी जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले.

बंगळूरला मी ते ताट घेऊन गेले. प्रत्येक कप त्यात ठेवायचा, जरा थांबायचं, वास आला की ओळखायचं. परीक्षकांना मी सांगितलं की ही माझी पद्धत आहे, जिभेला विसावा देते. त्यांना ती फार आवडली. एकही चव चुकली नाही. व्हिस्की आणि सफरचंदाचा पेग पिऊन त्यातल्या एका गृहस्थांनी दुसरा मागितला. निवड झाली. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, आईनं सामान बांधायला घेतलंय. ती माझ्या आधी जेवून घेते आणि मी ताट वाढलं की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते.

सुरुवातीला सुभेदारांचं वाफ निवायच्या आत व्हायचं. मग भात कोमट व्हायला लागला, मग गार. काल दुपारी वाढलेलं ताट आज सकाळपर्यंत तसंच आहे. भाताची शितं कडक झाली, वास अजून आलेला नाही. हल्ली ते सावकाश जेवतात. माझ्या बांगड्या ढिल्या झाल्यात.

नव्या हॉटेलात माझ्या हाताखाली एक मुलगी शिकायला देणार आहेत. जीभ फार चांगली आहे म्हणतात तिची. तिचा परवा फोन आला होता. ताई, पहिल्या दिवशी येताना काय तयारी करून येऊ, म्हणून विचारत होती.

मी म्हटलं, काही नको. उपाशीपोटी ये. पहिला पेग आपण दोघी मिळून बनवू, आणि ताटात ठेवायच्या आधी चव तू घे.